तेवीस नंबरची पुडी

नांदेडला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मी पाच वर्षं झाडपाल्याचे अर्क काढले आणि ते कॅन्सरच्या पेशींवर घालून पाहिले. काम सांगायला सोपं आहे. माळावरून, बांधावरून वनस्पती आणायची, सावलीत वाळवायची, दळायची. ती पूड मिथेनॉलमध्ये भिजत घालायची, गाळायची, आटवायची. शेवटी बाटलीच्या तळाशी काकवीसारखं काहीतरी चिकट उरतं. त्यातलं थेंबभर पेशींना द्यायचं आणि दोन दिवस वाट पाहायची.

पेशी पुण्याहून यायच्या, थर्माकोलच्या डब्यात, कोरड्या बर्फात. कुण्या परदेशी बाईच्या स्तनाच्या आजारातून त्या कधीकाळी काढलेल्या. ती बाई जाऊन कित्येक वर्षं झालेली. पेशी मात्र आमच्या उबदार कपाटात दर दोन-तीन दिवसांनी भांडं भरून टाकायच्या. त्यांतल्या निम्म्या काढून फेकल्या नाहीत तर त्या एकमेकींवर चढायच्या. सुरुवातीला मला याचं काही वाटत नव्हतं. मग तिसऱ्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, तीच गाठ निघाली. तेव्हापासून त्या कपाटाचं दार उघडताना माझा हात क्षणभर अडायचा. आत काहीतरी जागं आहे आणि त्याला मी ठाऊक आहे, असं वाटायचं. मास्क नीट करायच्या निमित्तानं मी तो क्षण घालवायची.

अक्का अहमदपूरला दिलेली. दाजींचं तिथं बाजारात भांड्यांचं दुकान. लातूरला तिचे उपचार चालले, वर्षभराहून जास्त. मधे एकदा ती बरी झाल्यासारखी दिसली, केस परत आले, आणि पोळ्याच्या आठवड्यात ती गेली. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात, बसवून. भस्म लावलेलं तिचं कपाळ मला आठवतं. शेवटी वरून मातीच टाकली, ते आठवतं. त्यानंतर मी अक्काच्या घरी मागच्या खोलीत सहा दिवस पडून होते. डॉक्टरांनी दिलेली गोळी आई सकाळ-संध्याकाळ द्यायची. वर पंखा हळू फिरायचा. त्या सहा दिवसांचं मला एवढंच आठवत होतं, आणि त्यात काही कमी आहे असंही वाटत नव्हतं. सातव्या दिवशी बॅग उचलून मी नांदेडला आले आणि कामाला लागले.

त्या पावसाळ्यात गोळा केलेल्या सगळ्या पुड्या कपाटात नंबर लावून ठेवलेल्या होत्या. दिवाळीनंतर मी त्या एकेक करून दळल्या, अर्क काढले आणि माघात पेशींवर लावायला घेतले.

यासाठी एक प्लास्टिकची ताटली असते, तळहाताएवढी, शहाण्णव बारीक खळग्यांची. प्रत्येक खळग्यात पेशी, त्यावर अर्क. दोन दिवसांनी त्यात एक पिवळा रंग घालतात. पेशी जिवंत असतील तर त्या तो रंग आत घेतात आणि जांभळा करून टाकतात. मेलेल्या असतील तर पिवळा तसाच राहतो. म्हणजे जांभळं ते जिवंत, पिवळं ते मेलेलं. आम्ही अर्क लावायचो आणि बहुतेक ताटल्या पूर्ण जांभळ्या निघायच्या. त्याची सवय झालेली होती.

त्या दिवशी ताटली उजेडात धरली तर सगळी जांभळी, आणि मधली एक ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ पिवळी. तेवीस नंबर.

मला वाटलं, त्या ओळीत पेशी घालायच्याच राहिल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पेशी होत्या. गोल होऊन, तळ सोडून, तुकडे होऊन तरंगत होत्या. माझे मार्गदर्शक, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, म्हणाले, "परत कर." परत केलं. पुन्हा पिवळी. तिसऱ्यांदा शेजारच्या ताटलीत निरोगी पेशीही घेतल्या, त्यांनाही तोच अर्क, तेवढाच थेंब. निरोगी पेशी जांभळ्या राहिल्या. गाठीतल्या सगळ्या मेल्या.

सर फारसं बोलणारे नव्हते. ते ताटली हातात घेऊन खिडकीपाशी गेले, तिथं बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ही कुठली आहे?"

आणि मला सांगता येईना.

चाळीस वनस्पती होत्या. एकोणचाळीस मला तोंडपाठ होत्या. कुठली अर्धापूरच्या केळीबागेच्या कडेची, कुठली मुदखेडला रुळाच्या बाजूची, कुठली काढताना कुत्रं मागं लागलं होतं, सगळं. तेवीसच्या जागी नुसती पुडी आठवत होती, कपाटातली. नोंदवही काढली. पान माझ्याच अक्षरात, शेजारी नमुना म्हणून चिकटवलेली वाळकी डहाळी. तारीख होती. जागा: 'लोहा रस्ता, बारवेजवळ, उत्तरेचा बांध.' स्थानिक नाव: काही नाही. शेवटचा रकाना उपयोगाचा. त्यात आम्ही गावातली माणसं काय सांगतात ते लिहायचो, ताप, जखम, जनावराचं पोट. तिथं मी लिहिलं होतं, 'अजून वेळ आहे.'

सरांनी वाचलं. "फुलायला वेळ असेल," ते म्हणाले. "म्हणून फूल नाही नमुन्यावर. फुलाशिवाय मी नाव देणार नाही. आणि पूड किती उरली आहे? चमचाभर. परत आणावी लागेल."

मी हो म्हणाले. फुलाचंच असेल, असं मलाही वाटलं. जागेवर येऊन बसले आणि मग तारखेकडं नीट पाहिलं. अक्काला माती दिल्यानंतरचा तो चौथा दिवस होता.

संध्याकाळी आईला लातूरला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "आई, अक्काच्या घरी होतो तेव्हा चौथ्या दिवशी मी कुठं गेले होते का गं?"

"तू? तू कुठं जातीस? तुला उठवून बसवायचं म्हणलं तर दोघीजणी लागायच्या."

"दुपारी वगैरे?"

"दुपारी माझा जरा डोळा लागला असंल. उठले तेव्हा तू होतीस की अंथरुणात. कामून विचारून राहिलीस?"

"काही नाही," म्हणाले.

त्या आठवड्यात मी माझं अक्षर तपासत बसायची. आदल्या पानावरचं आणि हे. फरक नव्हता. उलट हे जरा जास्त नीट होतं, शाळेतल्या शुद्धलेखनासारखं. दोन वेळा मी ते पान उघडलं आणि कुणी मागं उभं आहे का ते वळून पाहिलं. सांगायला लाज वाटते, पण पाहिलं.

मग एका रविवारी लातूरची एसटी धरली आणि लोह्याच्या पुढं अहमदपूरच्या अलीकडं उतरले. बारव कुठं आहे ते मला माहीत नव्हतं. कंडक्टरनं सांगितलं म्हणून एका फाट्यावर उतरले. ऊन चढलेलं. रस्ता सोडून पायवाटेला लागले. एके ठिकाणी वाट फुटत होती. मी न थांबता डावीकडं वळले आणि दहा पावलं गेल्यावर लक्षात आलं की मला कुणी डावीकडं सांगितलेलं नव्हतं.

बारव तिथंच होती. दगडी पायऱ्या, तळाला थोडं हिरवं पाणी. उत्तरेला बांध. बांधावर वाळलेल्या काटक्या, त्यात माझं झुडूप कुठलं ते ओळखू येण्यासारखं नव्हतं. पलीकडं एक आखाडा होता, म्हणजे शेतातलं राहतं घर, पत्र्याचं. दारात एक बाई तुरीच्या शेंगा बडवत होती. पन्नाशीची असेल. तिनं मला पाहिलं, हातातलं लाकूड खाली ठेवलं आणि म्हणाली,

"आलीस का माय? म्या म्हणलं आता कशाची येतीस."

मी तिला आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

"मावशी, तुम्ही मला ओळखता?"

"आता! पोळ्याच्या येळी आलतीस की. फटफटीवर, त्या मालकासंगं. तो तिथं पायरीवर बसून राहिला. तू बांधावर गेलीस, चपला काढून. म्या म्हणलं, बाई, काटे हायत, चपला घाल. तू म्हणलीस, औषधाला जाताना चपला घालत न्हाईत."

"मी असं म्हणाले?"

"म्हणलीस की. मंग पाला तोडून हितं आलीस. कुणाला पाहिजे दवाई म्हणलं तर म्हणलीस, अक्काला पाहिजे, ती लई बिमार हाय." तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "कशी हाय आता?"

मला वाटतं मी मान हलवली. कशी, ते मला सांगता येणार नाही, कारण ती बाई एकदम खुश झाली.

"म्या म्हणलंच व्हतं. माझं मन म्हणत व्हतं. आन् माझा तांब्या आणलास का?"

"कुठला तांब्या?"

"पाणी मागितलंस. म्या तांब्या भरून दिला. तू एक घोट बी घेतला न्हाईस, म्हणलीस, हे तिला नेते, हितलं पाणी गोड हाय. न्हेलास तांब्या. असू दे म्हणलं, बिमार माणसाला पाणी हाय. माझं नाव हाय त्याच्यावर." आणि तिनं नाव सांगितलं.

हॉस्टेलच्या माझ्या खोलीत सहा महिने एक स्टीलचा तांब्या होता. रोज रात्री उशाशी भरून ठेवायची, सकाळी त्यातलं पाणी प्यायची. त्याच्या काठाखाली एका बाईचं नाव कोरलेलं होतं. दाजींच्या दुकानात नावं कोरायचं यंत्र आहे. एखादं नाव चुकलं की ते भांडं गिऱ्हाईक नेत नाही, ते घरी वापरात यायचं. अक्काकडं अशी परक्या नावांची भांडी पुष्कळ होती. त्यातलाच हा, निघताना आईनं पिशवीत घातला असेल, असं मी धरून चालले होते. त्या दुपारी उन्हात उभं राहून त्या बाईच्या तोंडून तेच नाव ऐकलं.

"पुढच्या वेळी आणते," मी म्हणाले. तिनं मला आग्रहानं बसवलं, गूळ-शेंगदाणे दिले. मी ते मुठीत धरून रस्त्यापर्यंत आले.

तिथून मी अहमदपूरला गेले. दाजी दुकानात होते. गिऱ्हाईक नव्हतं. ते एका परातीवर नाव कोरत होते आणि यंत्राचा किरकिर आवाज चालू होता. मला पाहून त्यांनी यंत्र बंद केलं.

"अगं, अचानक? घरी चल, चहा—"

"दाजी, बारवेवर मला तुम्ही घेऊन गेला होता?"

ते काही वेळ परातीवरची बारीक धूळ बोटानं पुसत राहिले. दाजी उंच माणूस, दुकानात उभे राहिले की डोक्याला टांगलेल्या कळशा लागायच्या. त्या दिवशी ते मला आखडल्यासारखे दिसले.

"तुला आठवलं?" त्यांनी विचारलं.

"नाही. एक बाई म्हणाली."

"मला वाटलं, तुला आठवतंय पण तू बोलत न्हाईस. म्हणून मी बी बोललो न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. चौथ्या दिवशी जेवणं झाली, पाहुणे आडवे झाले. दाजी पुढच्या खोलीत एकटे बसले होते. मी मागून आले, साडी नीट नेसलेली, केस विंचरलेले, हातात वही. म्हणाले, दाजी, गाडी काढा, एक वनस्पती आहे, ती अजून मी पेशींवर घालून पाहिलेली नाही.

"मी म्हणलो, अगं, ती गेली. तुला समजून राहिलंय का? तू म्हणलीस, मला माहिताय. पण अजून वेळ आहे."

"असं शांतपणे?"

"हिशेब सांगावा तसं. रडत न्हाई, काय न्हाई. मला त्याचीच भीती वाटली. वाटलं, हिला न्हाई म्हणलं तर एकटी निघंल, रस्त्यावर कुठं तरी…" ते थांबले. यंत्राचं बटण उगाच चालू केलं, बंद केलं. "खोटं कशाला बोलू. तेवढंच न्हवतं. तू म्हणलीस अजून वेळ आहे, आणि मला बी वाटलं, असंल. ही शिकलेली आहे, हिला माहीत असंल. मी फटफटीला किक मारली तेव्हा मला खरंच वाटून राहिलं होतं, की लवकर गेलं पाहिजे. मी जोरात चालवली गाडी."

बारवेची जागा मला कशी ठाऊक होती, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मीच वळणं सांगितली, असं ते म्हणाले. अक्काबरोबर लहानपणी कधी गेलो असू का, ते आता विचारायला कुणी नाही.

"आणि तांब्या?"

"येताना तू मागं तांब्यावर हात धरून बसली होतीस, पाणी सांडू नये म्हणून. घराच्या दारात उतरलीस. आत आलीस, मागच्या खोलीत गेलीस, तिच्या कॉटकडं पाहिलंस. कॉटवरची गादी काढलेली होती. तू पाला वहीसंगं बॅगेत ठेवलास, तांब्या माझ्या हातात दिलास आणि जाऊन झोपलीस. आईंना कळलं बी न्हाई."

"मग ते पाणी?"

"मी पिलो," दाजी म्हणाले. "टाकवंना."

आम्ही दोघं तिथं त्या भांड्यांत बसून राहिलो. बाजारात माणसं येत-जात होती. दाजींनी मग चहा सांगितला आणि आम्ही तो प्यायलो. त्यांच्याबद्दल मला त्या दिवसाआधी काही विशेष वाटत नव्हतं. बहिणीचा नवरा, एवढंच. आता या जगात माझी ती दुपार फक्त त्यांच्याकडं होती.

पुढच्या भाद्रपदात, तेच दिवस साधून, आम्ही दोघं पुन्हा गेलो. या वेळी मी चपला घालून बांधावर चढले. झुडूप सापडलं, नमुन्याच्या पानाशी पान जुळवून पाहिलं. बारकी पांढरी फुलं होती. तांब्या मी घासूनपुसून नेला होता. त्या बाईनं तो घेतला, तोंडाकडून आत पाहिलं, मग अक्काचं विचारलं. दाजी म्हणाले, "गेली ती." कधी, ते सांगितलं नाही. बाईनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "पर दवाई तर न्हेली व्हती की."

"नेली होती," दाजी म्हणाले.

सरांनी फुलं पाहून लगेच नाव सांगितलं. साधं झुडूप, आमच्या भागात कुठल्याही बांधावर मिळेल असं. ते नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं की कुणीतरी उकळून पिईल, आणि पुढं जे झालं ते त्याच्यापर्यंत पोचणार नाही.

पुढं असं झालं. नवा पाला वाळवला, दळला, अर्क काढला, अगदी तसाच. ताटली लावली. दोन दिवसांनी उजेडात धरली. सगळी जांभळी. तेवीसची ओळ ओळखूही येईना. परत केलं. मुळाचा वेगळा, पानाचा वेगळा, सालीचा वेगळा अर्क केला. जांभळं, जांभळं, जांभळं. पेशी तळाला धरून बसलेल्या, धडधाकट, वाढत असलेल्या.

सरांनी कारणं सांगितली. असं या कामात पुष्कळदा होतं. एखाद्या वर्षी पाऊस कमी, झाडात काहीतरी वेगळं साठतं. पहिल्या पुडीला बुरशी लागली असेल आणि मारलं ते बुरशीनं असेल. किंवा पुडीत दुसऱ्याच कशाची पानं मिसळली असतील. "कोणत्या अवस्थेत गोळा केली होती, काही आठवतं?" त्यांनी विचारलं. झाडाच्या अवस्थेबद्दल विचारत होते. मी नाही म्हणाले. जुन्या पुडीतला जो चमचाभर होता तो शेवटच्या ताटलीत गेला, आणि त्या ताटलीतही ती ओळ पिवळी निघाली. जुनी पिवळी, नवी जांभळी, शेजारी शेजारी. तो फोटो माझ्याकडं आहे. प्रबंधात मी लिहिलं की परिणाम पुन्हा मिळाला नाही, आणि ते खरं आहे.

दाजींना फोनवर सांगितलं. विज्ञानातलं त्यांना किती कळलं माहीत नाही, पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या दिवशीचं लागू होतं, आणि आताचं न्हाई?"

"हो."

"त्याच बांधावरचं?"

"त्याच."

पलीकडून यंत्राची किरकिर आली आणि थांबली.

"बरं झालं," दाजी म्हणाले.

"बरं कसं?"

"ते झाड खरंच औषध निघालं असतं, तर त्या रस्त्यानं मला जाववलं नसतं गं. वर्षभर ती घरात विव्हळत होती आणि ते तिथं बांधावर उगवून राहिलं होतं, असं मला धरून बसावं लागलं असतं." मग जरा वेळानं म्हणाले, "तुझं नुकसान झालं असंल."

"नाही," मी म्हणाले. त्यांच्यासाठी म्हणाले.

पदवी मिळाली. आता मी लातूरला एका कॉलेजात शिकवते. पेशींचं काम सुटलं. दाजींकडं सणावाराला जाते. आई बरोबर असते, म्हणून त्या विषयावर आम्ही बोलत नाही. दाजींनी मला तेवढंच सांगितलं, जेवढं त्यांनी पाहिलं. तो चौथा दिवस होता. तिसऱ्या आणि पाचव्या दिवसाबद्दल मी कुणाला विचारलेलं नाही. आई म्हणते मी झोपून होते, आणि मी ते मानते.